केक नको, काम हवं!

‘सर, माझे अवर्स अजून भरायचेत!’ सेमिस्टर संपत आलं की एनएसएसच्या प्रत्येक मीटिंगमध्ये हे वाक्य ऐकू येतंच. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०. झाडं लावून झाली, रक्तदान शिबिर झालं, पथनाट्यही झालं. मग आमच्या युनिटमध्ये कुणीतरी आयडिया काढली, की मुलांच्या निरीक्षणगृहात जाऊ या. केक नेऊ, दोन-चार गाणी म्हणू, ग्रुप फोटो काढू, झालं! नेमकं काय करता येईल हे समजून घ्यायला सरांनी या क्षेत्रात काम करणाऱ्या एका ताईंना कॉलेजवर बोलावलं. पहिल्या पाच मिनिटांतच आमच्या केकचा पार भुगा झाला.

फोटोचं तर नावच काढू नका, ताई म्हणाल्या. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, म्हणजे ज्यावरून तो ओळखू येईल असं काहीही जाहीर करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. इन्स्टाची स्टोरी ‘फक्त फ्रेंड्ससाठी’ होती, ही सबब चालणार नाही.

मग त्यांनी विचारलं, ‘तुमच्यापैकी कुणाच्या घरचं दुकान, गॅरेज, वर्कशॉप आहे?’ आठ-दहा हात वर. ‘चोरीच्या केसमध्ये सापडलेल्या १७ वर्षांच्या मुलाला पुढच्या वर्षी तिथे कामावर ठेवाल?’ सगळे हात खाली. माझाही.

खरी अडचण इथेच आहे. कायदा अशा मुलांना ‘गुन्हेगार’ म्हणत नाही, ‘विधी संघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. १६ वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालला तर गोष्ट वेगळी. एरवी त्या प्रकरणामुळे पुढे कोणतीही अपात्रता त्याला चिकटू नये, असं कायदाच सांगतो. कागदावर पाटी कोरी. पण गल्लीत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. बाहेर आलेल्या पोराला काम मिळत नाही, आणि जुने मित्र मात्र कोपऱ्यावर वाट बघत उभेच असतात.

अशा मुलांच्या हाताला काम शिकवावं, हा विचार आपल्याकडे नवा नाही. थेट १८५० साली अप्रेंटिस कायदा आला. १० ते १८ वयाच्या निराधार किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना उस्तादाच्या हाताखाली ठेवून धंदा शिकवण्याची त्यात सोय होती. आजच्या कायद्यातही संस्थांमध्ये कौशल्य प्रशिक्षण द्यायला सांगितलंय. पण निरीक्षणगृह ही चौकशी चालू असतानाची जागा. मुक्काम कधी काही दिवसांचा, कधी काही महिन्यांचा. कोर्स अर्धा झालेला असतो आणि मुलगा घरी जातो. पुढचा अर्धा कोर्स कुठे करायचा, हे त्याला कुणी सांगत नाही.

मग हे कुठे जमलंय का? ताईंनी अमेरिकेतलं लॉस एंजेलिसचं उदाहरण दिलं. तिथे फादर ग्रेग बॉयल या धर्मगुरूंनी टोळ्यांमध्ये अडकलेल्या पोरांसाठी १९९२ मध्ये बेकरी काढली. तिचीच पुढे ‘होमबॉय इंडस्ट्रीज’ झाली. एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या टोळ्यांतली मुलं तिथे शेजारी उभी राहून पीठ मळतात. प्रशिक्षण साधारण १८ महिन्यांचं आणि पगारी! सोबत समुपदेशन, कायद्याची मदत, अभ्यास आणि चेहऱ्या-मानेवरचे टोळीचे टॅटू फुकट काढून देण्याची सोय. पाव भाजायला काही महिन्यांत येतो. पण वेळेवर येणं, साहेब ओरडल्यावर उलट हात न उगारणं, पगार पुरवून वापरणं, हे शिकायला वेळ लागतो. म्हणून तर १८ महिने!

आपण बेकरी काढू शकत नाही. मग काय करायचं? ताईंनी सांगितलेली कामं अगदी साधी निघाली. कुणाची सुटलेली दहावी १७ नंबरचा फॉर्म भरून पुन्हा सुरू करून द्यायची. आयटीआयचा ऑनलाइन अर्ज भरायला शेजारी बसायचं. आधार कार्ड, बँक खातं, दाखले यांच्या मागे लागायचं. मुलाखतीची खोटी-खोटी प्रॅक्टिस घ्यायची. हे सगळं रीतसर परवानगी घेऊन, आणि एकदा नाही, तर दर आठवड्याला. ‘एकदाच येणार असाल तर येऊच नका,’ ताई स्पष्टच बोलल्या. या मुलांना सोडून जाणारी माणसं भरपूर भेटलेली असतात.

मीटिंग संपली तेव्हा केकचा विषय कुणीच काढला नाही. परवानगीचा अर्ज आता गेलाय. आमच्यातल्या एकाच्या बाबांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. त्याने घरी विषय काढला. बाबा आधी चिडले, मग दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘महिनाभर बघू. पण तूही रोज संध्याकाळी गॅरेजवर थांबायचं.’

तो थांबणार आहे. एनएसएसच्या वहीत हे तास धरतात का, हे अजून कुणी सरांना विचारलेलं नाही.