हौदाचा जुना गिलावा

पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनीं १८२४ सालीं घेतलें. त्यापूर्वीं बांधलेले आमच्या मेढें-सातारा भागांतील हौद चुनेगच्चीच. अशा हौदाचा गिलावा सुटल्यास वर सिमेंट थापावें काय? मुळींच नाहीं! सिमेंट ताठर, चुना मऊ. भिंतींतील ओल सिमेंटामागें कोंडते आणि नवा थर जुन्यासह निखळतो.

गिलावा हळूच ठोकून पाहावा. पोकळ वाजेल तेवढाच खरवडावा. जागा भिजवून चुना-सुरखीचे पातळ थर द्यावेत. नुसता चुना पाण्याखालीं घट्ट होत नाहीं. सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, त्यास तें बळ देते. प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखालीं सावकाश घट्ट होऊं द्यावा. घाई केल्यास भेगा पडतात, आणि वाडवडिलांनीं बांधलेला हौद आपल्या हयातींतच कोरडा पडतो.