कंस कुठे टाकायचा?

‘निवास आणि जेवण किंवा दरमहा ५ हजार रुपये मिळतील.’ समजा, इंटर्नशिपच्या ऑफर लेटरमध्ये असं वाक्य आहे. तुम्हाला नक्की काय मिळणार? एकाला वाटेल, एकतर राहणं-जेवण, नाहीतर पैसे. दुसऱ्याला वाटेल, राहायची सोय तर पक्की; जेवण नको असेल तर पैसे. दोघांनी शब्द तेच वाचले, पण हिशेबात अख्ख्या खोलीभाड्याचा फरक पडला!

शाळेतलं गणित आठवा. २ × (३ + ४) म्हणजे १४ आणि (२ × ३) + ४ म्हणजे १०. आकडे तेच, कंसाची जागा वेगळी. वाक्यांचंही असंच असतं. फक्त तिथले कंस कागदावर दिसत नाहीत, ते आपण मनातल्या मनात टाकतो.

आपल्याकडे शब्द मोजकेच असतात, मग नवीनवी वाक्यं समजतात कशी? ‘कॅन्टीनमधल्या मांजरीने आज प्रिन्सिपलच्या खुर्चीत बसून व्हायवा दिली,’ हे वाक्य तुम्ही बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच वाचताय. तरी चित्र डोळ्यांसमोर आलंच ना? जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे (१८४८-१९२५) यांच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व हेच सांगतं: वाक्याचा अर्थ त्यातल्या भागांच्या अर्थांवरून आणि ते भाग कसे जोडलेत यावरून ठरतो.

आपल्याकडे मीमांसकांनी यावर शतकानुशतकं वाद घातला. शब्द आधी आपापला अर्थ सांगतात आणि मग ते अर्थ जोडले जातात, असं कुमारिल भट्टांचा पक्ष म्हणायचा. प्रभाकरांचा पक्ष म्हणायचा, शब्द मुळात जोडलेल्या रूपातच अर्थ सांगतो. शिवाय शब्दांना एकमेकांची गरज हवी (आकांक्षा), त्यांचा मेळ बसायला हवा (योग्यता) आणि ते जवळजवळ यायला हवेत (सन्निधी), असं आपली शास्त्रं सांगतात. ‘विस्तवाने झाडं शिंपली’ हे वाक्य व्याकरणात बसतं, पण योग्यतेत नापास होतं.

मराठीत ही जोडणी बघायची असेल तर आपला छोटासा ‘च’ पुरेसा आहे.

‘मीच रियाला नोट्स दिल्या.’ (दुसऱ्या कुणी नाही.)
‘मी रियालाच नोट्स दिल्या.’ (तुला नाही!)
‘मी रियाला नोट्सच दिल्या.’ (पेपर नाही दिला, सर.)
‘मी रियाला नोट्स दिल्याच.’ (नको म्हणत होतात ना?)

एक अक्षर जागा बदलतं आणि मैत्री, भांडण, चौकशी सगळं बदलतं.

अर्थात, सगळीच बेरीज सरळ होत नाही. ‘त्याने माझी वाट पाहिली’ आणि ‘त्याने माझी वाट लावली’ यात वाट, म्हणजे रस्ता, कुठेच नाही. वाक्प्रचार अख्खाच लक्षात ठेवावा लागतो. म्हणूनच मराठी नव्याने शिकणारा तिथे अडखळतो.

आता परीक्षेच्या आदल्या रात्री ग्रुपवर येऊ शकणारा हा मेसेज बघा: ‘सगळ्या विद्यार्थ्यांना हॉल तिकीट मिळालेलं नाही.’ कुणालाच मिळालेलं नाही, की काहींचं राहिलंय? ‘नाही’ने नेमकं काय नाकारलंय, हे वाक्य सांगत नाही. पहिला अर्थ घेतला तर घबराट, दुसरा घेतला तर ‘आपलं आलंय ना’ म्हणून झोप. अशा वेळी फॉरवर्ड करण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा, ‘म्हणजे काहींना, की कुणालाच नाही?’ ऑफर लेटरचंही तेच. ‘निवास दोन्ही पर्यायांत आहे का?’ एवढा एक प्रश्न ईमेलवर विचारा, उत्तर लेखी घ्या आणि मगच सही करा.