परग्रहवासी घरीच घडतात

२०११ च्या जुलैमध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाला एका प्रश्नाचा निकाल लावायचा होता. ‘स्टार वॉर्स’मधल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकाचं पांढरं शिरस्त्राण हे शिल्प आहे की नाही? ऐकून हसू येतं, पण त्या उत्तरावर बराच पैसा अडकलेला होता. १९७६ साली पहिल्या चित्रपटाची तयारी चालू असताना लंडनजवळच्या अँड्र्यू एन्सवर्थ या कारागिराने प्लॅस्टिकचा पत्रा तापवून, साच्यावर हवेच्या दाबाने ओढून ही शिरस्त्राणं बनवली होती. पुढे कितीतरी वर्षांनी त्याने तसलीच शिरस्त्राणं आणि चिलखतं चाहत्यांना विकायला काढली. लुकासफिल्म कंपनीने त्याच्यावर अमेरिकेत दोन कोटी डॉलरचा दावा जिंकला आणि मग ती ब्रिटनमध्येही त्याच्या मागे लागली. तिथल्या न्यायाधीशांचं म्हणणं पडलं की, ही चित्रपट बनवण्याच्या कामी आलेली वस्तू आहे, शिल्प नव्हे. म्हणून शिल्पाला मिळणारं दीर्घ मुदतीचं कॉपीराइट तिला मिळणार नाही. अमेरिकी कॉपीराइटच्या भंगाबद्दल मात्र इंग्लंडच्या कोर्टात दाद मागता येईल, असंही त्याच निकालात ठरलं.

मला यात कायद्यापेक्षा गिऱ्हाईक जास्त रंजक वाटतं. हे चिलखत विकत कोण घेतं? नोकरीधंदा करणारी, कर्जाचे हप्ते फेडणारी मोठी माणसं. आणि त्यांच्यातल्या पुष्कळांना तर विकत घेणंही कमीपणाचं वाटतं. ते स्वतः बनवतात. विज्ञानकथेच्या चाहत्यांचा वेशभूषेचा आणि रंगभूषेचा हा छंद बाजारातून आलेला नाही. बाजार त्याच्या मागून आला.

सुरुवात एका बाईच्या शिवणकामातून झाली. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. लॉस एंजेलिसहून आलेली मर्टल डग्लस आणि तिचा मित्र फॉरेस्ट अ‍ॅकरमन हे दोघंच तिथे भविष्यातल्या माणसांच्या वेशात हजर झाले. बाकी सगळे कोट-टाय घालून. दोन्ही पोशाख मर्टलने बेतले आणि शिवले होते. नमुना होता फ्रँक पॉल या चित्रकाराची स्वस्त मासिकांमधली चित्रं आणि १९३६ चा ‘थिंग्ज टू कम’ हा चित्रपट. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात इतरही लोक वेश करून आले आणि प्रथा पडली. कौतुक बरीच वर्षं अ‍ॅकरमनच्याच वाट्याला आलं. शिवणाऱ्या हाताचं नाव मागे पडणं ही गोष्ट आपल्याकडच्या नाटक कंपन्यांनाही नवी नाही.

अ‍ॅकरमन पुढे ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ या मासिकाचा संपादक झाला. राक्षस, भुतं, परग्रहवासी यांच्या चित्रपटांना वाहिलेलं हे मासिक शाळकरी पोरं दप्तरात लपवून वाचत. १९६५ साली त्याच प्रकाशकांनी एक पुस्तिका काढली. घरच्या घरी राक्षसाचा मेकअप कसा करावा, हे सांगणारी. लिहिणारा होता डिक स्मिथ, एनबीसी या वाहिनीचा पहिला मेकअपप्रमुख. या पुस्तिकेचं महत्त्व कळायला तेव्हाचा धंदा कसा होता, ते लक्षात घ्यायला हवं. हॉलिवूडची रंगभूषा घराण्यांच्या हातात होती. वेस्टमोर घराण्याच्या जॉर्जने १९१७ मध्ये स्टुडिओतला पहिला मेकअप विभाग उभा केला आणि त्याची मुलं, नातवंडं त्याच धंद्यात शिरली. मिश्रणांची प्रमाणं कोणी बाहेर सांगत नसे. स्मिथने ती सांगितली, तीही मुलांना, आणि घरात सहज मिळणारं सामान वापरून.

पत्र लिहिणाऱ्या पोरांना तो उत्तरंही पाठवत असे. त्यातला एक रिक बेकर. ‘द एक्झॉर्सिस्ट’च्या (१९७३) वेळी तो स्मिथच्या हाताखाली होता, ‘स्टार वॉर्स’मधल्या दारूच्या गुत्त्यातले काही विचित्र ग्राहक त्याने बनवले, आणि मेकअपसाठी ऑस्करची नियमित स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं, ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवूल्फ इन लंडन’साठी. पुढे आणखी सहा मिळाली. दुसऱ्या एका मुलाला स्मिथने ‘एक्झॉर्सिस्ट’मध्ये वापरलेली रबरी जीभ पाठवून दिली. जुनी आहे पण स्वच्छ आहे, अशी चिठ्ठी सोबत. तो मुलगा म्हणजे जे. जे. अब्राम्स, २०१५ चा ‘स्टार वॉर्स’ त्याने दिग्दर्शित केला.

तर स्मिथने उघड केलेलं हे तंत्र आहे तरी काय?

आधी चेहऱ्याचा ठसा घ्यायचा. डोक्यावर पातळ रबरी टोपी, भुवयांना व्हॅसलीन, आणि मग अ‍ॅल्जिनेट. समुद्री शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ दंतवैद्य दातांचं माप घ्यायला वापरतात. पाण्यात कालवला की काही मिनिटांत थुलथुलीत घट्ट होतो. नाकपुड्या उघड्या ठेवून तो चेहऱ्यावर थापतात आणि वरून प्लॅस्टरच्या पट्ट्यांचं कवच चढवतात. माणूस तोवर आंधळा, मुका आणि जवळजवळ बहिरा होऊन बसलेला असतो. म्हणून हे काम एकट्याने करायचं नाही, दुसऱ्याचा डोळा सतत त्या दोन भोकांवर हवा. साधं प्लॅस्टर थेट अंगावर ओतायचं नाही, हेही इथेच सांगायला हवं. ते घट्ट होताना तापतं, आणि त्यात हात अडकून गंभीर भाजल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

या ठशात प्लॅस्टर ओतलं की तुमचं डोकं टेबलावर येतं. त्यावर मातीने नवा चेहरा घडवायचा. कपाळावर हाडांच्या वळ्या, नाकाच्या जागी मासळीसारखे कल्ले, काय हवं ते. मग त्या मातीकामाचाही साचा काढायचा. दोन्ही साचे उघडून माती खरवडून टाकली आणि ते पुन्हा एकमेकांवर बसवले, की मधे मातीच्याच आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत जे भरू, ते आतून तुमच्या चेहऱ्याला बिलगणार आणि बाहेरून परग्रहवासी दिसणार. पेणच्या मूर्तिकाराला यातलं फार काही समजावून सांगावं लागणार नाही. त्याला नवल वाटलं तर पुढच्या भागाचं वाटेल.

कारण पोकळीत भरतात ते फोम लॅटेक्स, म्हणजे फेस येईपर्यंत घुसळलेला रबराचा चीक. तो साच्यासकट भट्टीत मंद आचेवर कित्येक तास भाजतात आणि हातात स्पंजासारखा हलका तुकडा येतो. त्याची खरी परीक्षा कडेला असते. मधे बोटभर जाड असलेला तुकडा कडेला येताना टिश्यूपेपरइतका पातळ व्हावा लागतो. कड जाड राहिली तर चेहऱ्यावर काहीतरी चिकटवलंय, हे शेवटच्या रांगेतलं पोरसुद्धा ओळखतं. काढताना ही पातळ कड फाटतेच, म्हणून चित्रीकरणात रोज नवा तुकडा लागतो.

रंगाचं गणित आणखी वेगळं. आपली कातडी अर्धपारदर्शक असते. उजेड थोडा आत शिरतो, रक्ताची लाली घेऊन परत येतो. लॅटेक्स अपारदर्शक. त्यावर एकच अंगाचा रंग फासला तर चेहरा प्लॅस्टिकच्या बाहुलीचा दिसतो. म्हणून लाल, निळे, हिरवट असे पातळ थर देतात, ब्रशचे केस बोटाने उडवून ठिपके मारतात. जवळून पाहिलं तर नुसती शिंतोड्यांची गर्दी, चार पावलं मागे गेलात की जिवंत कातडी. सिलिकॉन आल्यापासून हे सोपं झालं. ते मुळातच अर्धपारदर्शक, रंग त्याच्या आतच मिसळता येतो. पण ते जड असतं, महाग असतं आणि नखरेल असतं. प्लॅटिनमवर आधारलेलं सिलिकॉन गंधक असलेल्या मातीच्या संपर्कात आलं, तर ते घट्टच होत नाही. नवख्या माणसाचा आठवडा या एका रासायनिक रुसव्यात जातो.

सगळा चेहरा एकाच मुखवट्याने झाकण्यापेक्षा एकमेकांवर चढणारे वेगवेगळे तुकडे लावायचे, ही पद्धत रुळवण्यात स्मिथचा मोठा वाटा. ‘लिटल बिग मॅन’मध्ये (१९७०) त्याने तिशीतल्या डस्टिन हॉफमनला १२१ वर्षांचा म्हातारा केला तो असाच. गाल वेगळा, पापणी वेगळी, त्यामुळे भाव आतून बाहेर पोचतात. जॉन चेंबर्सने ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’मध्ये (१९६८) नटांना वानर बनवलं आणि त्याबद्दल त्याला खास ऑस्कर मिळालं. त्यातला रॉडी मॅकडॉवल सहकलाकारांना सांगत असे की, चेहरा सतत हलवत राहा, नाक फेंदारा, गाल उडवा. नाहीतर वानर मुखवट्यासारखं दिसेल. हा चेंबर्स आधी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी कृत्रिम नाक-कान बनवत असे. ‘स्टार ट्रेक’मधल्या स्पॉकच्या टोकदार कानांशीही त्याचं नाव जोडलेलं आहे.

‘स्टार ट्रेक’वरून आठवलं. त्या मालिकेच्या पुढच्या पर्वांमधले क्लिंगॉन, फेरेंगी वगैरे मंडळींचे चेहरे ज्याच्या देखरेखीखाली तयार झाले, तो मायकेल वेस्टमोर म्हणजे त्या जॉर्जचा नातू. १९९६ च्या तमिळ ‘इंडियन’मधला कमल हासनचा वृद्ध स्वातंत्र्यसैनिक त्यानेच घडवला, आणि त्याच वर्षीच्या ‘अव्वै षण्मुगी’मधली आजीबाईही. हिंदीत ‘चाची ४२०’ झाला तो याच ‘अव्वै षण्मुगी’चा. ‘पा’मधल्या (२००९) अमिताभ बच्चनच्या चेहऱ्यासाठीही परदेशातूनच कलाकार आले. आपल्याकडे हुनर नव्हतं असं नाही. विक्रम गायकवाड यांना ‘बालगंधर्व’ आणि ‘द डर्टी पिक्चर’ या दोन चित्रपटांच्या रंगभूषेसाठी एकाच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कमी होती ती स्मिथच्या पुस्तिकेसारख्या उघड्या दाराची, असं माझं मत आहे. आपले मेकअपदादा शागिर्दाला शिकवतात, वाचकाला नाही.

आता हे दार इंटरनेटने उघडलंय, आणि मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये त्याचा परिणाम दिसतो. चिलखत घातलेली जी कॉलेजची मुलं तिथे फिरतात, त्यांच्यातली बरीचशी ईव्हीए फोममध्ये मढलेली असतात. व्यायामाच्या किंवा लहान मुलांच्या खेळण्याच्या चटया ज्याच्या असतात, तोच हा फोम. आधी अंगाला खाण्याच्या पदार्थांवर लावतात तसली पातळ पारदर्शक फिल्म गुंडाळायची, वर चिकटपट्टी, त्यावर पेनाने चिलखताचे भाग आखायचे आणि मग मित्राने जपून कापून काढायचं. ते सपाट केलं की माप तयार. फोम धारदार कटरने कापायचा. दोन भागांना कोन हवा असेल तर पातं तिरकं धरायचं. हीट गनची गरम हवा दिली की फोम मऊ पडतो, गुडघ्यावर दाबून वळवता येतो आणि पृष्ठभागाची छिद्रंही मिटतात. जोडायला चपला-बॅगांवाल्यांचं रबरी सोल्युशन. दोन्ही कडांना लावायचं, वाळू द्यायचं आणि मगच टेकवायचं. ओलं असताना चिकटवणारा माणूस नवखा समजावा. खिडक्या उघड्या हव्यात, ही सूचना मुलं वाचतात आणि विसरतात.

शेवटी चंदेरी रंग, आणि मग ज्याच्यासाठी मी हे काम पाहायला उभा राहतो तो भाग: चकचकीत चिलखत मळवणं. पातळ काळा अ‍ॅक्रिलिक रंग सगळ्यावर फासून लगेच फडक्याने पुसतात. तो सांदीकोपऱ्यांत साठतो, कडा उजळ राहतात, आणि चटईचा तुकडा दहा लढाया पाहिलेला दिसू लागतो. थ्रीडी प्रिंटर आल्यापासून शिरस्त्राण थेट छापूनही मिळतं. मात्र थरांच्या रेषा घासून काढायला सँडपेपर लागतोच, आणि त्यातून यंत्र कोणाला सूट देत नाही.

स्टॉर्मट्रूपरवाल्यांची संघटना याबाबतीत फार कडक. १९९७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘५०१ लीजन’मध्ये शिरायचं तर पोशाख चित्रपटातल्यासारखाच हवा, पट्ट्याची रुंदीसुद्धा तपासली जाते. मग हे सैनिक रुग्णालयांत आणि मदतनिधीच्या कार्यक्रमांना फुकट जातात. संस्थापक अल्बिन जॉन्सन यांची लहान मुलगी कॅटी मेंदूच्या कर्करोगाने गेली. तिच्यासाठी चाहत्यांनी गुलाबी रंगाचा एक यंत्रमानव तयार केला, आर-टू केटी नावाचा. अब्राम्सच्या २०१५ च्या चित्रपटात तो पडद्यावर दिसतो.

मूळ जागतिक संमेलनातली वेशभूषा स्पर्धा याहून मोकळी. तिथे नवखे, सराईत आणि उस्ताद असे वेगळे गट असतात, म्हणजे पहिल्यांदा सुई धरणाऱ्याला वीस वर्षं शिवणाऱ्याशी झुंजावं लागत नाही. नियम बहुतेक अनुभवातून आलेले. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या संमेलनात एका तरुण व्यंगचित्रकाराने अंगभर पीनट बटर फासून एका कॉमिकमधल्या मलरूपी पात्राचं सोंग आणलं. सभागृहातल्या दिव्यांच्या उष्णतेने ते लोणी वितळलं, खवट झालं, खुर्च्यांना आणि शेजाऱ्यांच्या महिनोन्‌महिने खपून शिवलेल्या पोशाखांना लागलं. तेव्हापासून अशा स्पर्धांच्या नियमावल्यांत आगीच्या आणि शस्त्रांच्या मनाईशेजारी एक मनाई पीनट बटरचीही सापडते.