लहान सीएनसी मशीनला वेगवान स्पिंडल : आधी हिशेब, मग खर्च



शेतीच्या साप्ताहिकात मिलिंग मशीनचे काय काम, असे काहींना वाटेल. पण आज पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी आयटीआय झालेला मुलगा आहे. कोणी गोठ्याशेजारच्या खोलीत, तर कोणी तालुक्याच्या रस्त्यावर गाळा घेऊन लहान सीएनसी मिलिंग मशीन चालवतो. पेरणी यंत्राच्या बियाण्याच्या चकत्या, पंपाचे सुटे भाग, ओतकामाचे पॅटर्न अशी कामे तो करतो. मग एके दिवशी तो म्हणतो, "बाबा, मशीनला वेगवान स्पिंडल बसवायचा आहे." वडिलांना त्यातले फारसे कळत नाही आणि पैसे तर त्यांनाच उभे करायचे असतात. म्हणून हा हिशेब घरातल्या सर्वांनी समजून घ्यावा.

वेग कशासाठी लागतो?

कटरची धार धातूवरून किती वेगाने जाते यावर कापणी अवलंबून असते. कटर मोठा असेल तर थोड्या फेऱ्यांतही धार वेगाने फिरते. कटर बारीक असेल तर तोच वेग मिळवायला फेरे कितीतरी जास्त लागतात. मोठे चाक आणि लहान चाक बरोबरीने पळवायचे असेल, तर लहान चाकाला जास्त फिरावे लागते, तसेच हे आहे.

भुईमूग, तूर, सोयाबीन यांच्या दाण्याप्रमाणे अॅल्युमिनियमच्या चकतीवर खाचा पाडायच्या आहेत असे समजा. त्यासाठी कार्बाइडचा ३ मिलिमीटरचा कटर घेतला. अॅल्युमिनियममध्ये धारेचा वेग मिनिटाला सुमारे २०० मीटर धरला, तर या कटरला मिनिटाला २१,००० फेरे हवेत. मशीनचा मूळ स्पिंडल ३,००० फेऱ्यांचा असेल, तर धारेला जेमतेम २८ मीटर वेग मिळतो.

आता वेळ पाहा. कटरला दोन धारा आहेत आणि प्रत्येक धार एका फेऱ्यात ०.०२ मिलिमीटर माल काढते. ३,००० फेऱ्यांना कटर मिनिटाला १२० मिलिमीटर पुढे सरकेल, तर २०,००० फेऱ्यांना ८०० मिलिमीटर. एका चकतीत कटरची वाट एकूण ४ मीटर असेल, तर पहिल्या रीतीने ३३ मिनिटे लागतात आणि दुसऱ्या रीतीने ५. मुलाचे म्हणणे खरे आहे ते येथे.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. फेरे वाढवले की कटरची सरकही त्याच प्रमाणात वाढवली पाहिजे. फेरे २०,००० आणि सरक जुनीच १२० ठेवली, तर धार कापत नाही, नुसती घासते. कटर तापतो आणि बोथट होतो. नायलॉनसारखे प्लॅस्टिक असेल तर ते वितळून कटरला चिकटते. तेव्हा मशीनचे स्क्रू आणि मोटारी तेवढी सरक हिसका न देता झेपवतात का, हे आधी पाहावे. झेपत नसेल तर नव्या स्पिंडलचा निम्मा फायदा तेथेच गेला.

वेग म्हणजे जोर नव्हे

खरी चूक होते ती येथे. २.२ किलोवॅट म्हणजे सुमारे ३ अश्वशक्ती, हा आकडा पाहून वाटते की मोठा पंपच मिळाला. पण ही ताकद २४,००० फेऱ्यांना असते. फेरे ३,००० वर आणले की ताकद साधारण आठव्या हिश्शावर येते. ट्रॅक्टर लो गिअरमध्ये टाकला की चाल कमी होते आणि ओढ वाढते. या स्पिंडलला गिअर नसतो, त्यामुळे चाल कमी केली तरी ओढ वाढत नाही.

म्हणून लोखंडाचे जाड काम, मोठे ड्रिल, मोठा कटर ही कामे जुन्या स्पिंडलचीच. वेगवान स्पिंडल जुन्याच्या जागी बसवू नये, त्याच्या शेजारी मजबूत पट्टी करून बसवावा. दोन्हींच्या मध्यांतले अंतर डायल लावून मोजावे आणि मशीनच्या प्रोग्रामात भरावे. शेजारी बसवल्याने टेबलाची काही धाव कमी होते आणि वर-खाली करणाऱ्या मोटारीवर वजन वाढते, हेही हिशेबात धरावे. कॉलेटमध्ये कटर किती डगमगतो तेही डायलने पाहावे. प्रत्येक धार ०.०२ मिलिमीटर कापणार आणि डगमगच तेवढी असेल, तर सगळा भार एकाच धारेवर येऊन बारीक कटर मोडतो.

वीज आणि अर्थिंग

आपल्या मोनोब्लॉक पंपाच्या पाटीवर २,८८० च्या आसपास फेरे लिहिलेले असतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे आणि तशा मोटारीला तिच्यावर ३,००० च्या वर जाता येत नाही. २४,००० फेऱ्यांसाठी ४०० हर्ट्‌झ लागतात. ते देणारे यंत्र म्हणजे व्हीएफडी. घरातली सिंगल फेज वीज घेऊन स्पिंडलला थ्री फेज देणारे व्हीएफडीही मिळतात. त्यात मोटारीच्या पाटीवरचेच आकडे भरावेत. पूर्ण व्होल्टेज ४०० हर्ट्‌झला द्यायचे असते. ते चुकून ५० हर्ट्‌झला दिले गेले, तर वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही.

पुढील गोष्टींत काटकसर करू नये :

१. स्पिंडलच्या पिनपासून त्याच्या अंगापर्यंत अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, ते वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्यावे. काही स्वस्त स्पिंडलमध्ये पिन असते, पण आतून जोडणी नसते. अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून नीट केलेला असावा.

२. स्पिंडलची केबल जाळीची घ्यावी आणि सिग्नलच्या वायरींपासून दूर न्यावी. नाहीतर मशीन मध्येच चुकीच्या जागी सरकते.

३. पाण्याने थंड होणारा स्पिंडल पाण्याचा पंप बंद असताना चालवू नये. हवेने थंड होणाऱ्याचा पंखा त्याच्याच दांड्यावर असतो, म्हणून तो फार हळू चालवला तर तापतो.

४. रोज सुरुवातीला स्पिंडल कमी फेऱ्यांवर काही मिनिटे फिरवून मग वेग वाढवावा. बेअरिंगचे आयुष्य वाढते.

५. व्हीएफडी बंद केल्यावरही आत वीज साठलेली असते. लगेच उघडू नये.

६. शेतीपंपाच्या जोडणीवर वर्कशॉप चालवू नये. तो वीज कायद्याने अनधिकृत वापर ठरतो आणि दंडासह बिल येते. उद्योगाचे वेगळे मीटर घ्यावे.

घरच्यांसाठी

वर्कशॉप घरालगत असते, म्हणून हे माता-भगिनींनीही वाचावे. २०,००० फेऱ्यांवर मोडलेला कटर गोळीसारखा उडतो. मशीनभोवती जाड पारदर्शक पत्रा हवा आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांना चष्मा हवा. हातमोजे, सैल बाही, पदर, ओढणी जवळ नको. लाकडाची बारीक धूळ छातीला बाधते, ती ओढून घेणारे यंत्र लावावे. मुलांना तेथे खेळू देऊ नये.

निर्णय कसा घ्यावा?

मुलाने एक महिना वही ठेवावी. प्रत्येक कामाला कटर किती मिलिमीटरचा, माल कोणता, वेळ किती आणि मजुरी किती मिळाली, हे रोज लिहावे. महिन्याअखेर बापलेकांनी ती वही समोर घेऊन बसावे. ६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक कटरची, अॅल्युमिनियम, पितळ किंवा लाकडातली कामे निम्म्याहून अधिक असतील आणि वेळेअभावी गिऱ्हाईक परत जात असेल, तर स्पिंडल घ्यावा. खर्चात व्हीएफडी, केबल, पट्टी, कॉलेट, थंडावा आणि अर्थिंग हे सारे धरावे. नुसत्या स्पिंडलच्या किमतीवर कर्ज काढले तर काम अर्ध्यावर अडते. कामे बहुतेक लोखंडाची असतील, तर तोच पैसा चांगल्या कटरवर आणि पक्कड व्हाइसवर घालावा.

बियाणे घेताना आपण जमीन पाहतो, पाणी पाहतो, मग वाण ठरवतो. मुलगा मागतो म्हणून डोळे मिटून पैसे देऊ नयेत आणि आपल्याला कळत नाही म्हणून नाकारूही नये. वही पाहावी. ती काय सांगते तसे करावे.