पोकर : दीर्घकाळ खेळणाऱ्याच्या तोट्याचे गणित

पोकर हा केवळ नशिबाचा नव्हे, तर कौशल्याचा खेळ आहे, असे त्याचे समर्थक सांगतात. त्यात तथ्य आहे. परंतु कौशल्य असले म्हणजे पैसा मिळतोच, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दीर्घकाळ खेळणारा तोट्यात जाण्याची शक्यता किती, हे गणिताने मोजता येते. ते कसे, हे आपण येथे पाहू या.

या शास्त्राचा पाया १६५४ साली फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल व पिएर द फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून घातला गेला. अर्धवट राहिलेल्या खेळातील रक्कम खेळाडूंमध्ये कशी वाटावी, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

पोकरमध्ये खेळाडू एकमेकांचेच पैसे जिंकतात. टेबल चालविणारा मात्र जमलेल्या रकमेतून आपला वाटा कापून घेतो. आपल्याकडे जुगारात यालाच 'नाल' म्हणतात. त्यामुळे सर्व खेळाडू सारखेच निपुण असले, तरी सरासरीने प्रत्येकजण तोट्यात जातो.

समजा, अशा एका खेळाडूचा दर १०० डावांमागे सरासरी तोटा ५० रुपये आहे आणि त्याभोवतीचा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, ८०० रुपये आहे. डाव वाढतात तसा तोटा त्याच प्रमाणात वाढतो. चढउतार मात्र डावांच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढतो. सारे रहस्य येथेच आहे.

१,००० डावांनंतर सरासरी तोटा ५०० रुपये, तर चढउतार सुमारे २,५३० रुपये होतो. तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के. १०,००० डावांनंतर तोटा ५,००० आणि चढउतार ८,००० रुपये; शक्यता सुमारे ७३ टक्के. एक लाख डावांनंतर तोटा ५०,००० आणि चढउतार सुमारे २५,३०० रुपये. शक्यता सुमारे ९८ टक्के.

प्रत्यक्ष टेबलावर तासाला साधारण ३० डाव होतात. म्हणजे ३० हून अधिक तास खेळूनही शंभरांतील सुमारे ४२ जण नफ्यात दिसतील. हे यश आपल्या हुशारीचे आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होते आणि ते अधिक रक्कम घेऊन परततात. उलटपक्षी, १०० डावांमागे ५० रुपये खरोखर कमावणारा निपुण खेळाडूही १०,००० डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २७ टक्के असते. म्हणून थोड्या दिवसांचा नफा कशाचाच पुरावा ठरत नाही.

कॅथोलिक धर्मशिक्षण संधीच्या खेळांना मुळातच अन्याय्य मानत नाही. मात्र स्वतःच्या व इतरांच्या गरजांसाठी लागणारा पैसा त्यात जाऊ लागला, की ते नैतिकदृष्ट्या अस्वीकार्य ठरवते. घरखर्च, शाळेची फी, औषधपाणी यांचा पैसा टेबलावर ठेवण्यापूर्वी प्रत्येक बैठकीचा जमाखर्च वहीत मांडावा आणि वर्षाची बेरीज कुटुंबीयांसमोर ठेवावी, असे आम्ही सुचवू इच्छितो. जिंकलेली रात्र लक्षात राहते. वही मात्र सर्वच रात्री लक्षात ठेवते.