जुन्या टर्बो गाडीचा डाउनपाइप बदलताय?

लखनौला आलमबागेत राहता, दारात जुनी टर्बो गाडी आहे आणि कुणीतरी सुचवलंय, ‘डाउनपाइप मोठा टाका, गाडी पळेल’? सल्ला खोटा नाही. टर्बोतून निघणारा धूर ज्या नळीने पुढे जातो, ती रुंद केली की मागचा दाब घटतो आणि टर्बो लवकर वेग घेतो.

पण २००४ साली भारतात आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएससारख्या २० वर्षांच्या गाडीची मरगळ अनेकदा चिरलेल्या बूस्ट पाइपमुळे किंवा तुंबलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे असते. आधी हे तपासून घ्या. कदाचित थोडक्यात भागेल.

खरी मेख कन्व्हर्टरचीच आहे. बऱ्याच गाड्यांत तो डाउनपाइपमध्येच असतो, आणि स्वस्तातल्या सरळ पाइपमध्ये गायब! मग विषारी कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो, पीयूसीलाही अडचण येते. आवाज वाढतो तो वेगळाच. मोटार वाहन कायद्यात असा परस्पर केलेला बदल गुन्हा आहे : ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बदललेल्या सायलेन्सरच्या गोंगाटाची तर लखनौ खंडपीठाने २०२१मध्ये स्वतःहून दखल घेतली होती.

त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीला कंपनीच्याच मापाचा, कन्व्हर्टर असलेला पाइप बरा. सोबत गॅस्केट आणि नटबोल्टही नवे घ्या. सांधा गळका राहिला तर वास नसलेला हा वायू केबिनमध्ये शिरू शकतो, आणि मागच्या सीटवर मुलं असतात.