वायर कुणाची सुटते?

दुकानातल्या खोक्यावर ‘कॉर्डलेस’ लिहिलेले असले, तरी आत बॅटरी असेलच असे नाही. ट्रिमर, ड्रिल, हातात धरायचा व्हॅक्यूम क्लीनर यांच्यात ती असते. कॉर्डलेस किटलीत नसते. तिची वायर खालच्या बैठकीला जोडलेली असते. कॉर्डलेस इस्त्रीही तळावर ठेवली की तापते, उचलली की साठलेल्या उष्णतेवर थोडा वेळ चालते आणि मग पुन्हा तळावर टेकवावी लागते.

यामागे सरळ हिशेब आहे. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-तासांच्या ड्रिलच्या बॅटरीत 90 वॉट-तास ऊर्जा मावते. एक लिटर पाणी 25 अंशांवरून उकळायला साधारण 87 वॉट-तास लागतात. म्हणजे चहाच्या एका आधणातच बॅटरी संपली! 1000 वॉटची इस्त्री तिच्यावर जेमतेम पाच मिनिटे चालेल. ड्रिलची मोटर मात्र दर भोकाला काही सेकंदच फिरते, त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेत बरेच काम उरकते. व्हॅक्यूम क्लीनर या दोहोंच्या मध्ये पडतो. जाहिरातीतली मिनिटे बहुधा मंद वेगावरची असतात; पूर्ण जोरावर ती झपाट्याने घटतात.

ही उपकरणे अंतराळ संशोधनातून आली, अशी एक लाडकी समजूत आहे. अपोलो 15 च्या चांद्रवीरांनी 1971 मध्ये चंद्रावर बॅटरीची ड्रिल चालवली आणि तिच्या घडणीत ब्लॅक अँड डेकरचा हात होता, हे खरे. पण या कंपनीने आपली बिनवायरची ड्रिल 1961 मध्येच बाजारात आणली होती.

तिच्यात निकेल-कॅडमियम बॅटरी होती. तिचा एक सेल 1.2 व्होल्टचा, त्यामुळे 18 व्होल्टसाठी पंधरा सेल लागतात. सोनीने 1991 मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयनचा सेल सुमारे 3.6 व्होल्टचा, पाचांत काम भागते. उपकरणे हलकी झाली ती मुख्यतः यामुळे.

‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नका’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी होता. लिथियम-आयनला तो उलट मारक ठरतो. तिला उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवणेही वाईट. बॅटरी वर्षागणिक क्षीण होतेच, म्हणून घेतानाच ती बदलता येते का, हे विचारावे. नाहीतर धडधाकट मोटरसकट सगळे उपकरण भंगारात जाते. निकामी बॅटरी घंटागाडीत टाकू नये, कारण दाबली गेल्यास ती पेट घेऊ शकते. भारतात 2022 च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे.